वाचकांचे प्रश्न : सेझारिया एव्होरा यांचे यश खरोखर ‘उशिराचे’ होते का?

गेल्या अंकात आम्ही केप व्हर्डे या आफ्रिकेच्या पश्चिमेकडील द्वीपराष्ट्राच्या गायिका सेझारिया एव्होरा (१९४१-२०११) यांच्याविषयी एक छोटे टिपण दिले होते. त्यात त्यांचे वर्णन ‘पन्नाशीनंतर उदयाला आलेली गायिका’ असे केले होते आणि ‘सोदादे’ या त्यांच्या गाण्याचा ओझरता उल्लेख होता. त्यावर पुण्यातील वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांतील काही प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : सेझारियाबाई पन्नाशीनंतर उदयाला आल्या असे आपण लिहिले आहे. मग तोपर्यंत त्या काय करत होत्या? त्या गाणे उशिरा शिकल्या, की एखाद्या परदेशी निर्मात्याने त्यांना शोधून काढले? (निवृत्त बँक कर्मचारी, सहकारनगर)

उत्तर : ‘उदयाला आल्या’ हे शब्द आमचे होते आणि ते चुकले, हे आधी मान्य करतो. त्यांचा आवाज पन्नाशीत उगवला नाही. ऐकणारे कान तेथवर पोहोचायला मात्र तेवढा काळ लागला.

सेझारिया यांचा जन्म २७ ऑगस्ट १९४१ रोजी साओ व्हिसेंते बेटावरील मिंडेलो या बंदरगावी झाला. वडील वादक होते. त्या सात वर्षांच्या असताना ते वारले. आई लोकांकडे स्वयंपाकाची कामे करीत असे. सगळी मुले पोसणे तिला शक्य होईना, तेव्हा दहाव्या वर्षी सेझारिया यांना अनाथाश्रमात ठेवावे लागले. तो काळ केप व्हर्डेसाठी फार वाईट होता. चाळीसच्या दशकात तेथे लागोपाठ दुष्काळ पडले, हजारो माणसे अन्नावाचून मेली, आणि पोर्तुगीज वसाहतीच्या सरकारने वेळेवर धान्य पोहोचवले नाही. सोळाव्या वर्षी एका गिटारवादक खलाशाशी त्यांची ओळख झाली, त्याने त्यांना स्थानिक गाणी गाण्यास प्रवृत्त केले, आणि तेव्हापासून त्या मिंडेलोच्या गुत्त्यांत, बंदरावरच्या छोट्या खानावळींत आणि नांगर टाकून उभ्या असलेल्या पोर्तुगीज जहाजांवर गाऊ लागल्या. मोबदला म्हणजे चार नाणी आणि पेयाचा एखादा पेला.

मिंडेलोविषयी थोडे सांगितले पाहिजे. एकोणिसाव्या शतकात अटलांटिक ओलांडणाऱ्या वाफेच्या बोटींना कोळसा पुरवण्यासाठी इंग्रज कंपन्यांनी या बंदरात वखारी उभ्या केल्या आणि ओसाड बेटावर एक शहर उभे राहिले. ब्राझीलचे, पोर्तुगालचे, इंग्लंडचे खलाशी तेथे उतरत, त्यांच्याबरोबर वाद्ये आणि चाली उतरत. पुढे बोटी तेलावर चालू लागल्या, इतर बंदरांनी धंदा ओढून घेतला आणि मिंडेलोची रया गेली, पण गाणे राहिले. त्या गाण्यातच सेझारिया यांचे शिक्षण झाले. त्यांच्या नात्यातले बी. लेझा (१९०५-१९५८) हे तर तेथील सर्वांत मोठ्या रचनाकारांपैकी एक होते.

साठच्या दशकात मिंडेलोच्या नभोवाणीसाठी त्यांनी केलेली ध्वनिमुद्रणे २००८ साली एकत्र प्रसिद्ध झाली. ‘त्या गाणे उशिरा शिकल्या का’ या आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर त्या फितींत आहे. विशीतल्या मुलीचा आवाज थोडा हलका आणि चपळ आहे, पण ओळीच्या शेवटी स्वर ओढून न धरता हातातून अलगद सोडून देण्याची त्यांची रीत तेथे आधीच पूर्णपणे तयार झालेली ऐकू येते. तीस वर्षांनी पॅरिसने जिला डोक्यावर घेतले, ती हीच रीत.

मधल्या काळात काय झाले? ५ जुलै १९७५ रोजी केप व्हर्डे स्वतंत्र झाले. पोर्तुगीज जहाजे आणि त्यांवरची गिऱ्हाइके गेली, बंदरावरचा पैसा आटला, आणि गाण्यावर पोट भरणे एका बाईला अशक्य झाले. साधारण दहा वर्षे त्यांनी गाणे बंद ठेवले. त्या आईच्या घरी राहत होत्या, दारूच्या आहारी गेल्या होत्या, आणि पुढे या वर्षांविषयी त्या अंधाराची वर्षे म्हणूनच बोलत. हा काळ त्यांच्या चरित्रकथेत हल्ली फार चटकन उरकला जातो, कारण त्यानंतरचे यश सांगायची सर्वांना घाई असते. मला मात्र त्या दहा वर्षांचीच हळहळ अधिक वाटते. पस्तिशी ते पंचेचाळिशी ही गाणाऱ्याच्या आयुष्यातली भरात असण्याची वर्षे. ती एका संपूर्ण गळ्याची वाया गेली आणि त्यांतले एकही गाणे आता परत मिळणार नाही.

१९८५ साली केप व्हर्डेचे ज्येष्ठ गायक बाना यांनी त्यांना लिस्बनला गाण्यासाठी बोलावले. १९८७ साली तेथेच जोझे दा सिल्वा या तरुणाने त्यांचे गाणे ऐकले आणि त्यांना पॅरिसला येण्याचा आग्रह केला. दा सिल्वा हे कोणी मोठे निर्माते नव्हते. मूळचे केप व्हर्डेचेच, आणि फ्रान्सच्या रेल्वेत सांधेवाल्याचे काम करणारे. तेव्हा परदेशी निर्मात्याने शोधून काढले हेही खरे नाही. गाव सोडून गेलेल्या आपल्याच माणसांनी आपल्या गावची गायिका बाहेर नेली.

१९८८ साली पॅरिसमध्ये पहिला संग्रह निघाला. त्यात विजेवरच्या वाद्यांचा, नाचाच्या ठेक्याचा भरणा होता, कारण परदेशी राहणाऱ्या केप व्हर्डेच्या तरुणांना शनिवारी रात्री नाचायला तसेच संगीत हवे होते. १९९० सालच्या दुसऱ्या संग्रहात निम्मा भाग तसा आणि निम्मा साध्या वाद्यांवरच्या संथ गाण्यांचा होता. फ्रेंच श्रोते त्या संथ गाण्यांजवळ थबकतात, हे दा सिल्वा यांच्या लक्षात आले आणि त्यांनी निर्णय घेतला की यापुढे विजेची वाद्ये बाजूला ठेवायची. १९९१ सालच्या ‘मार अझुल’मध्ये हा बदल पूर्ण झाला. १९९२ साली ‘मिस पेरफुमादो’ आला, ‘सोदादे’ त्यातलेच. त्याच्या ३ लाखांहून अधिक प्रती खपल्या आणि १९९३ साली पॅरिसच्या ओलिंपिया सभागृहात त्यांचे कार्यक्रम झाले. त्या वेळी त्या ५१ वर्षांच्या होत्या. पुढे जगभर दौरे झाले, २००४ साली ‘व्होझ दामोर’ या संग्रहाला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. तो सगळा तपशील गेल्या अंकात आलाच आहे, म्हणून येथे पुन्हा देत नाही.

प्रश्न : विजेची वाद्ये काढून टाकणे हा फ्रेंच श्रोत्यांना खूश करण्याचा प्रकार नव्हता का? ‘वर्ल्ड म्युझिक’ नावाखाली गरीब देशांचे संगीत त्यांना हवे तसे ‘अस्सल’ करून विकले जाते, असे मी वाचले आहे. (विद्यार्थिनी, फर्ग्युसन रस्ता)

उत्तर : शंका रास्त आहे. ‘वर्ल्ड म्युझिक’ हे नाव १९८७ साली लंडनमधील एका पबमध्ये जमलेल्या ध्वनिमुद्रण व्यावसायिकांनी ठरवले. दुकानाच्या फळीवर या तबकड्या कोणत्या कप्प्यात ठेवायच्या, ही त्यांची अडचण होती. एवढ्या व्यावहारिक कारणासाठी जन्मलेल्या शब्दाला कलेच्या चर्चेत फार मान देऊ नये, असे माझे मत आहे. सेझारिया यांच्या बाबतीत मात्र हे लक्षात घ्यावे की गिटार, कावाकिन्यो हे चार तारांचे चिमुकले वाद्य, व्हायोलिन, क्लॅरिनेट आणि पियानो ही मिंडेलोच्या बैठकीची जुनीच वाद्ये होती. त्यांचे वडील कावाकिन्यो वाजवीत. विजेचा ठेका हीच नंतर आलेली आणि परदेशात जडलेली सवय होती. बाजाराच्या हिशेबाने घेतलेला निर्णय या एका ठिकाणी गायिकेला तिच्या स्वतःच्या घरी परत घेऊन गेला. असे नेहमी होते असे मी म्हणणार नाही.

शिवाय त्यांनी गाण्याची भाषा बदलली नाही आणि गावही सोडले नाही. पैसा आल्यावर त्यांनी मिंडेलोतच घर केले, आणि दौऱ्यांमधून परतल्यावर त्या घराचे दार येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी उघडे असे, जेवणाची वेळ झाली तर समोरच्याला पान वाढले जाई.

प्रश्न : ‘सोदादे’ची भाषा कोणती? माझे शेजारी मूळचे गोव्याचे, त्यांना पोर्तुगीज येते, पण ते म्हणतात की मला हे गाणे अर्धेच कळते. आणि ‘सोदादे’ला मराठीत काय म्हणावे? (गृहिणी, कोथरूड)

उत्तर : आपल्या शेजाऱ्यांचे बरोबर आहे. ही भाषा क्रिओलो, म्हणजे केप व्हर्डेची स्वतःची भाषा. पंधराव्या शतकात पोर्तुगीज तेथे पोहोचले तेव्हा ही बेटे निर्मनुष्य होती. नंतर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम करून आणलेली माणसे आणि पोर्तुगीज यांच्या शेकडो वर्षांच्या सहवासातून ती घडली. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण त्यांची जोडणी निराळी.

याचा नमुना पाहण्यासाठी पुणेकरांना अटलांटिकपर्यंत जाण्याची गरज नाही. ताम्हिणी घाट उतरून रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लईला गेलात, तर किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या गावातील ख्रिस्ती कुटुंबे आजही घरात पोर्तुगीजपासून घडलेली एक बोली बोलतात. ते तिला ‘नो लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’, म्हणतात. पोर्तुगीज तेथून १७४० साली गेले. भाषा मात्र राहिली आणि मराठीच्या सहवासात तिची वाक्ये मराठीच्या वळणावर जाऊन बसली. कोर्लईची बोली आणि सेझारिया यांची क्रिओलो या अशा लांबच्या चुलत बहिणी आहेत. आपण स्वतः ‘बटाटा’, ‘पगार’, ‘साबण’ आणि ‘चावी’ हे शब्द दिवसभर वापरतो, तेही त्याच जहाजांतून उतरलेले.

आता ‘सोदादे’. मूळ पोर्तुगीज शब्द ‘सौदाद’. ‘हुरहूर’ म्हणावे तर त्यात कारण नसलेली अस्वस्थता येते, ‘विरह’ म्हटले की प्रियकर-प्रेयसी येतात, ‘आठवण’ फारच सपक. मला आपल्या जात्यावरच्या ओव्यांतला ‘सय’ हा शब्द सर्वांत जवळचा वाटतो. माहेराची सय येते तेव्हा सासुरवाशिणीच्या मनात एक विशिष्ट उंबरा असतो, एक विशिष्ट वाट असते, आणि त्या वाटेने स्वतःच्या मर्जीने जाता येत नाही हे तिला पक्के ठाऊक असते. ‘सोदादे’ या गाण्यात नेमके हेच आहे. वसाहतीच्या काळात, विशेषतः दुष्काळात, केप व्हर्डेच्या माणसांना करारावर साओ टोमे या विषुववृत्ताजवळच्या बेटावर कोकोच्या मळ्यांत राबायला नेत. तेथले काम आणि तेथली वागणूक गुलामगिरीहून फारशी वेगळी नव्हती, आणि गेलेल्यांपैकी अनेकजण परतले नाहीत. गाणे विचारते की ही लांबची वाट, साओ टोमेची वाट, तुला दाखवली कोणी? आणि मग साओ निकोलाव या आपल्या बेटाचे नाव घेऊन सय येते असे सांगते. कोठेही आक्रोश नाही, मालकाला शिवी नाही, सरकारचे नावही नाही.

हे गाणे मुळात साओ निकोलाव बेटावरच्या आर्मांदो झेफेरिनो सोआरेस यांचे. अंगोलाचे गायक बोंगा यांनी ते सत्तरच्या दशकात गायले होते, म्हणजे सेझारिया यांच्या कितीतरी आधी. जगभर गाजल्यावर त्याच्या श्रेयावरून वाद झाला आणि २००६ साली न्यायालयाने ते सोआरेस यांचेच असल्याचे मान्य केले. गाणे विकले जाऊ लागले की त्याचा कर्ता कोण हा प्रश्न अचानक महत्त्वाचा होतो. ज्यांच्या चाली खेडोपाडी गायल्या गेल्या आणि ज्यांची नावे तबकडीवर कधीच आली नाहीत अशा आपल्याकडच्या शाहिरांच्या घरच्यांना हे सांगण्याची गरज नाही.

केप व्हर्डेची बेटे दहा, त्यांपैकी नऊ वस्तीची, लोकसंख्या पाच लाखांच्या आसपास. देशात आहेत त्याहून अधिक माणसे बाहेर आहेत असे मानले जाते, कोणी लिस्बनला, कोणी रॉटरडॅमला, कोणी अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर. ज्यांच्या घरातून कोणी तरी मुंबईच्या गिरणीत गेला होता आणि महिन्याकाठी येणाऱ्या मनीऑर्डरवर चूल पेटत होती, त्या आपल्या कोकणी वाचकांना या बेटांचे अर्थकारण समजावून सांगावे लागणार नाही. सेझारिया यांच्या गाण्याचा विषय जाणाऱ्या माणसांचा, आणि ते गाणे बाहेर नेणारेही तेच. बाना, दा सिल्वा, पॅरिसमधल्या छोट्या सभागृहांत पहिल्या रांगेत येऊन बसणारे मजूर, साऱ्यांनी तीच लांबची वाट तुडवली होती. मला वाटते, त्यांची कारकीर्द समजून घेण्याची किल्ली येथे आहे. गायिका घरी राहिली, श्रोते देश सोडून गेले, आणि पुरेसे श्रोते बाहेर जमल्यावर त्यांनी तिला बोलावून घेतले.

प्रश्न : मी भावगीते शिकवते. या बाईंच्या गाण्यात तान नाही, हरकत नाही, आवाज चढवणे नाही, तरी मन हलते. हे कसे होते? (गायन शिक्षिका, कर्वेनगर)

उत्तर : त्यांच्या गाण्याचा मुख्य प्रकार ‘मोर्ना’. लय संथ, बहुतेकदा चार मात्रांची, सूर बहुधा उदास. ‘कोलादेरा’ हा त्याचाच द्रुत आणि मिश्किल भाऊ. मोर्नामध्ये बी. लेझा यांनी एक बारीक पण महत्त्वाची भर घातली. दोन स्वरमेळांच्या, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटांच्या, मधे अर्ध्या स्वराने सरकणारे जोड-स्वरमेळ त्यांनी गिटारवर आणले. बंदरावर येणाऱ्या ब्राझीलच्या वादकांकडून ती युक्ती त्यांनी उचलली असे सांगतात. यामुळे गिटार सतत थोडी थोडी खाली घसरत असल्यासारखी वाटते, आणि गायकाला स्वतः काहीही न करता भावना पुढे नेता येते.

आता सेझारिया काय करतात ते पाहा. आवाज खालच्या पट्टीचा, तंबाखूने आणि वयाने किंचित खरबरीत झालेला. शब्द त्या ठेक्याच्या जरा मागे टाकतात. सम येऊन जाते आणि मग शब्द येतो, जणू बोलायचे की नाही हे त्यांनी त्या क्षणी ठरवले. आपण विद्यार्थिनींना ‘शब्द फेका’ असे सांगतो, त्याच्या हे अगदी उलट आहे. ‘सोदादे’त एकच शब्द अनेकदा येतो आणि प्रत्येक वेळी त्यावर नवे काही करण्याचा मोह त्या टाळतात. तो शब्द तसाच, त्याच उंचीवर ठेवतात. तिसऱ्या-चौथ्या वेळेपर्यंत अर्थाची भर ऐकणाऱ्याच्या मनात पडू लागलेली असते. आपल्या वर्गात हे करून पाहायचे असेल, तर एखाद्या ओळखीच्या भावगीताचे ध्रुपद सलग पाच वेळा कोणतीही जागा न घेता, पण एकदाही निर्जीव न होऊ देता म्हणायला सांगावे. फार अवघड आहे. आमच्या घरी हा प्रयोग झाला तेव्हा तिसऱ्या आवर्तनालाच गाणाऱ्याचा गळा नकळत मुरकी घेऊ लागला.

त्यांच्या मैफलींच्या चित्रफितींत एक दृश्य पुन्हा पुन्हा दिसते. कार्यक्रम निम्मा झाला की त्या रंगमंचावरच्या एका छोट्या टेबलाशी जाऊन बसतात, सिगारेट शिलगावतात, आणि वादक एखादी रचना वाजवीत असताना धूर सोडत शांतपणे ऐकत राहतात. हजारो लोक समोर आहेत याची त्यांना ना भीती आहे ना विशेष अपूर्वाई. मग सिगारेट विझवून उठतात आणि जेथे सोडले होते तेथून पुढे गातात. गुत्त्यात गाणाऱ्या बाईने दोन गाण्यांच्या मधे जसे बसावे तसेच ते बसणे आहे. सभागृह मोठे झाले म्हणून त्यांचे गाणे मोठे झाले नाही, आणि आपल्याला जे जाणवते ते बहुधा हेच असावे.

प्रश्न : त्या अनवाणी का गात? गरिबांच्या बाजूने तो निषेध होता का? (वाचक, सिंहगड रस्ता)

उत्तर : ‘अनवाणी गायिका’ हे बिरुद त्यांच्या १९८८ सालच्या पहिल्या पॅरिस-संग्रहाच्या फ्रेंच नावातून आले आणि कायम चिकटले. गरीब बायका-मुलांविषयीची आपुलकी असा अर्थ वृत्तपत्रांनी वारंवार लावला. त्या स्वतः याविषयी साधेपणाने बोलत. लहानपणापासून सवय होती, चपला पायाला सोसत नसत. महाराष्ट्रात पायताण काढल्याशिवाय गवयी बैठकीवर चढत नाही, त्यामुळे आपल्याला यात नवल वाटू नये. नवल युरोपला वाटले.

प्रश्न : मायदेशाने त्यांची कदर केली का? आणि ऐकायला सुरुवात कोठून करावी? (वाचक, औंध)

उत्तर : २००८ साली ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यात त्यांना पक्षाघाताचा झटका आला, २०१० साली हृदयावर शस्त्रक्रिया झाली, तरी त्या गात राहिल्या. सप्टेंबर २०११ मध्ये त्यांनी निवृत्ती जाहीर केली आणि १७ डिसेंबर २०११ रोजी मिंडेलोतच त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी साओ व्हिसेंतेच्या विमानतळाला त्यांचे नाव देण्यात आले, तेथे त्यांचा पुतळा आहे आणि तोही अनवाणी आहे. २०१४ पासून देशाच्या २००० एस्कुदोच्या नोटेवर त्यांचे चित्र आहे. डिसेंबर २०१९ मध्ये युनेस्कोने मोर्नाचा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

ऐकायला ‘मिस पेरफुमादो’पासून सुरुवात करावी, पण तेथे थांबू नये. त्यानंतर ‘मार अझुल’ ऐकावा. तो अधिक उघडा आणि मला अधिक प्रिय आहे. १९९५ सालच्या ‘सेझारिया’ या संग्रहातील कोलादेरा जरूर ऐकावीत, नाहीतर या बाई फक्त दुःखच गात असा गैरसमज होतो. मिंडेलो नभोवाणीच्या जुन्या ध्वनिमुद्रणांचा संग्रह सर्वांत शेवटी ठेवावा, म्हणजे पन्नाशीतला तो आवाज पुरता ओळखीचा झाल्यावर वीस वर्षांच्या मुलीच्या तोंडून तो ऐकायला मिळेल.